खेळ स्वच्छ दिसतो, पण जोड्या सापडत नाहीत

माझी मुलगी कोल्हापुरात रोलर स्केटिंग शिकते आणि बर्फावरच्या जोडी-स्केटिंगची तिला विलक्षण ओढ आहे, म्हणून मी एका सशुल्क क्रीडाप्रक्षेपण सेवेची वर्षभराची वर्गणी भरली. चित्र उत्तम आहे, मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी ते क्वचितच अडखळते आणि जुन्या स्पर्धा संपूर्ण पाहता येतात.

तक्रार आहे ती या संग्रहाच्या मांडणीबद्दल. सर्व चित्रण देशवार लावलेले आहे आणि एका खेळाडूची सगळी वाटचाल एकत्र दाखवणारी सोय नाही. जोडी-स्केटिंगमध्ये उंची, ताकद आणि उडीची लय जुळणारा जोडीदार पुष्कळदा दुसऱ्याच देशात सापडतो, त्यामुळे या मांडणीत खेळाडूंचे तुकडे होतात. अल्योना सावचेंको 2000 साली स्टॅनिस्लाव मोरोझोव्हसोबत युक्रेनसाठी कनिष्ठ गटात जगज्जेती झाली, पुढे रॉबिन झोल्कोवीसोबत जर्मनीसाठी तिने पाच जागतिक विजेतेपदे मिळवली, आणि शेवटी मूळच्या फ्रेंच ब्रुनो मासोसोबत 2018 मध्ये प्योंगचांगला, पहिल्या फेरीअखेर चौथ्या स्थानावर असताना, ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. दुसऱ्या क्रमांकाच्या चिनी जोडीपेक्षा त्यांचे गुण अवघ्या 0.43 ने अधिक होते. ते सादरीकरण पाहून माझी मुलगी कितीतरी वेळ बोललीच नाही. मात्र युक्रेनकडून खेळलेली सावचेंको आम्हाला शोधून शोधून मिळाली. मोरोझोव्हची पुढची जोडीदार तातियाना व्होलोसोझार हिचेही तेच झाले, कारण ती युक्रेन सोडून रशियाकडून मॅक्सिम त्रान्कोव्हसोबत खेळली आणि 2014 मध्ये सोचीत सुवर्ण जिंकली.

नियमांची माहिती कुठेच दिलेली नाही, ही उणीव मला अधिक बोचते. जागतिक स्पर्धेत जोडीतील एकाचे नागरिकत्व पुरते, ऑलिंपिकला मात्र दोघांचेही लागते; हे ठाऊक नसेल तर मासोने जर्मन नागरिकत्वासाठी भाषेची परीक्षा का दिली, किंवा अमेरिकेची डिआना स्टेलाटो-ड्यूडेक 2024 मध्ये कॅनडाकडून जगज्जेती झाल्यावरही नागरिकत्वाची वाट का पाहत होती, हे प्रेक्षकाला कळणार नाही. आपल्या पेठांच्या फुटबॉलमध्ये एखादा खेळाडू एका तालमीचा संघ सोडून दुसऱ्या तालमीकडे गेला, तरी त्याचे आधीचे गोल कोल्हापूरकर विसरत नाहीत. तीच आठवण या संग्रहात असायला हवी.

सध्या मुलीने एक वही केली आहे, ज्यात प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली जोडीदार, देश आणि वर्ष लिहिलेले असते, आणि त्या वर्षावरून आम्ही चित्रण शोधतो. खेळाडूच्या नावाने शोधण्याची सोय झाली नाही तरी पुढील वर्षाची वर्गणी मी भरेन, कारण इतके जोडी-स्केटिंग घरबसल्या पाहण्याचा दुसरा मार्ग मला मिळालेला नाही. पण ज्यांना या खेळाची पहिली ओळख करून घ्यायची आहे, त्यांनी अशी वही जवळ ठेवूनच सुरुवात करावी.