पिलो, चार स्क्रीन आणि नथीतला खडा : आठ महिन्यांचा अनुभव

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये मामाचं टी-शर्ट छपाईचं वर्कशॉप आहे. प्रत्येक रंगाची शाई वेगळ्या जाळीतून, म्हणजे स्क्रीनमधून, उतरते. जितके रंग तितक्या स्क्रीन, म्हणून गिऱ्हाइकाचं चित्र आधी तीन-चार रंगांत बसवावं लागतं. मामा ते हाताने करायचा. संक्रांतीनंतर मी पायथन भाषेतल्या पिलो या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीवर स्क्रिप्ट लिहून दिली. यंदाच्या दहीहंडीचे टी-शर्ट तिच्यावरच निघाले.

पहिला झटका रंग मोजतानाच बसला. डोळ्यांना तीन रंगांचा दिसणारा लोगो पिलोच्या 'गेटकलर्स' या रंग मोजणाऱ्या फंक्शनला दिला, तर उत्तर 'नन', म्हणजे काहीच नाही. २५६ च्या वर रंग सापडले की ते हात वर करतं. मर्यादा वाढवली तेव्हा हजारो छटा निघाल्या. जेपीजी फाइल चित्राला ८ बाय ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबते, त्यामुळे अक्षरांच्या कडेला मळ साचतो. आता असा मळ न करणारी पीएनजी फाइल मागतो. (मिळत नाही, तो भाग वेगळा.)

मग 'क्वांटाइझ', म्हणजे चित्र मोजक्या रंगांत बसवणारं फंक्शन. त्याची मीडियन कट पद्धत सगळे रंग एका खोक्यात भरून ते खोकं कापत जाते आणि प्रत्येक तुकड्याची सरासरी घेते. फोटोला झकास, पण छपाईत गोची होते. एका महिला गोविंदा पथकाचं चित्र होतं, नऊवारीतली बाई, नथीत लाल खडा. चार रंग मागितले तर साडीचेच दोन भगवे निघाले आणि खडा गालात विरून गेला. जिथे पिक्सेल जास्त तिथे रंग, आणि खडा पडला जेमतेम चाळीस पिक्सेलांचा. मामाने मॉनिटरकडे बघून एवढंच विचारलं, "अरे, नथीतला खडा कुठाय तिच्या?"

तेव्हापासून रंग मीच ठरवतो. शाईच्या डब्यांतले चार रंग घेऊन पॅलेटची (रंगांच्या यादीची) छोटी इमेज बनवायची आणि क्वांटाइझला तीच द्यायची. पण पॅलेट दिली की १९७६ सालचं फ्लॉइड-स्टाइनबर्ग डिदरिंग आपोआप चालू होतं, म्हणजे दोन रंगांचे ठिपके शेजारी टाकून मधल्या छटेचा भास. मॉनिटरवर गोड दिसतं. स्क्रीनच्या जाळीत एवढे बारीक ठिपके टिकत नाहीत. डॉक्युमेंटेशन न वाचता मी फ्रेम एक्स्पोज करायला (प्रकाशाने जाळीवर चित्र उतरवायला) लावली आणि नंतर ती मीच धुवत बसलो. 'डिदर' शून्य करा.

रंग बदलणं मात्र निव्वळ सुख. चित्र पॅलेटवर आलं की प्रत्येक पिक्सेल म्हणजे पॅलेटमधल्या रंगाचा नुसता क्रमांक. भगव्याऐवजी जांभळा हवा? 'पुटपॅलेट'ने एक नोंद बदलायची, पिक्सेलला हातही लावायचा नाही. आधी मी एकेक पिक्सेल वाचून बदलणारं 'गेटपिक्सेल', 'पुटपिक्सेल'चं लूप फिरवायचो, तेवढ्यात चहा पिऊन व्हायचा. नौपाड्यातल्या एका पथकाने रात्री साडेदहाला सात रंगसंगती मागितल्या, अकराच्या आत पाठवल्या.

पारदर्शक पीएनजी असेल तर आधी पांढऱ्यावर चिकटवून घ्या. मीडियन कट आरजीबीए (लाल-हिरवा-निळा अधिक पारदर्शकता) घेत नाही, आणि नुसतं आरजीबीत बदललं तर पारदर्शक भाग बऱ्याचदा काळा येतो.

एक दुखणं उरलंय. जवळचा रंग शोधताना आरजीबीच्या आकड्यांतलं अंतर मोजलं जातं, डोळ्याला जाणवणारं नाही. गडद मरून अजून काळ्यात पळतो. तेवढा मामा हाताने भरतो.