विजेने टेलिंग्ज आटवण्याची सेवा : डिचोलीतील चाचणीनंतर

गोव्यात डिचोली तालुक्यातील आमच्या लोहखनिजाच्या खाणीवर टेलिंग पाँडमधील गाळ आटवण्यासाठी एका खासगी कंपनीची विद्युत-निर्जलीकरण सेवा आम्ही डिसेंबर ते फेब्रुवारी चाचणीपुरती घेतली. खनिज धुऊन उरलेला हा तांबडा गाळ, म्हणजेच टेलिंग्ज, वरून सुकलेला दिसतो, पण काठी खुपसली की आत दह्यासारखा मऊ लागतो. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे २०१९ साली टेलिंग्जचा बांध फुटून २७० माणसे गेली, तेव्हापासून असा गाळ बांधामागे ठेवून झोप लागत नाही.

तत्त्व जुनेच आहे. विजेने मातीतील पाणी सरकते हे शास्त्रज्ञ रॉईस यांनी मॉस्कोत १८०९ साली दाखवले आणि १९३० च्या दशकात अभियंता लिओ कासाग्रांदे यांनी जर्मनीत त्याच तत्त्वाने मऊ जमीन घट्ट केली. चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असल्याने भोवतीच्या पाण्यातील धनभारित आयन (विद्युतभार असलेले कण) ऋणाग्राकडे, म्हणजे विजेच्या ऋण टोकाकडे, निघतात व पाण्यालाही ओढून नेतात. दाबाने काढायचे पाणी छिद्रे बारीक होत जातात तसे अडते; विजेने ओढलेले पाणी त्या बारीकपणाला फारसे जुमानत नाही, आणि या सेवेचे खरे मोल तेवढ्यातच आहे.

प्रत्यक्ष कामात कंपनी चोख होती. ऋणाग्र म्हणून पुरलेल्या सच्छिद्र नळ्यांत दुसऱ्या दिवशीच पाणी साचू लागले, त्यात हायड्रोजनचे बुडबुडे येत होते, आणि जानेवारीअखेर धनाग्रांजवळच्या, म्हणजे धन टोक म्हणून पुरलेल्या लोखंडी सळयांजवळच्या, पट्ट्यावर बूट न रुतता उभे राहता आले.

तक्रार दरपत्रकाची आहे. त्यात विजेच्या युनिटचा हिशेब होता, सळयांचा नव्हता. धनाग्राचे लोखंड विरघळते. प्रत्येक अँपिअर-तासाला (एक अँपिअर प्रवाह तासभर) साधारण १ ग्रॅम. उपसलेली सळई वर अंगठ्याएवढी जाड आणि खाली पेन्सिलीच्या टोकासारखी निमुळती निघाली. शिवाय तिथला गाळ आक्रसून सळईभोवती बोटभर फट पडली व प्रवाह घसरला. त्यावर विजेची दिशा उलटवण्याचा उपाय सुचवून कंपनीने जादा पैसे मागितले. नळ्यांतले पाणी अल्कधर्मी असल्याने ते ओढ्यात सोडण्यापूर्वी उदासीन करणेही आमच्याच माथी आले.

संपूर्ण पाँडसाठी मी ही सेवा घेणार नाही, कारण आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वरचे पाणी वळवल्याशिवाय आटवलेला गाळ पुन्हा भिजतो. बांधालगतच्या मऊ पट्ट्यासाठी मात्र पुढच्या हंगामात पुन्हा बोलावीन, सळयांचा दर आधी लिहून घेऊन.