सव्वा वर्ष रोज खाल्लेला डबा

माझी बदली सोलापूरहून पुण्याला झाली, तेव्हा मुलाची अकरावी चालू होती म्हणून घर तिकडेच ठेवलं. पहिले दोन महिने ऑफिसजवळच्या एका खानावळीत जेवलो. तिथे प्रत्येक भाजीला तोच लाल रस्सा आणि वर तेलाचा तवंग. फ्लॉवर आहे की बटाटा, ते चावल्यावर कळायचं. रात्री छातीत जळजळायला लागलं, तेव्हा एका सहकाऱ्याने नारायण पेठेतल्या काकूंचा नंबर दिला.

या डब्याला नाव नाही, पाटी नाही. काकू, त्यांच्या सूनबाई आणि पोळ्यांना एक मावशी, एवढ्या तिघी मिळून तीस डबे करतात. एकतिसावा घेत नाहीत, त्यामुळे मला तीन आठवडे थांबावं लागलं. महिन्याचे ३२०० रुपये, दुपारचा एकच डबा, रविवारी सुट्टी. नंबर लागला त्या दिवशी काकूंनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. पोळ्या किती लागतात, आणि कुठली भाजी अजिबात चालत नाही.

मी चार सांगितल्या. चार घडीच्या पोळ्या, सुती फडक्यात गुंडाळलेल्या. फडक्यामुळे वाफ पोळीवर सुटत नाही, म्हणून एक वाजता उघडल्या तरी तळाची पोळी ओली होत नाही. पोळी मोडली की आतले पदर सुटे दिसतात. घडी घालताना प्रत्येक पदराला तेल लावलेलं असतं आणि वर चिमूटभर पीठ भुरभुरलेलं, त्याशिवाय असे पदर सुटत नाहीत. तीस डब्यांच्या पोळ्या रोज अशा करायच्या म्हणजे मावशींचे हात किती वेळ पोळपाटावर असतील, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते वरणाबद्दल. तुरीची डाळ हिंग-हळद आणि थेंबभर तेल घालून मऊ शिजवलेली, घोटलेली, वर मीठ आणि गुळाचा लहान खडा. फोडणी नाही. सोबत छोट्या डबीत तूप आणि लिंबाची फोड. गरम भाताचा घास, त्यावर हे वरण, तूप, लिंबू. यात लपवायला काही जागाच नसते. डाळ जुनी असली, हिंग हलका असला, तर पहिल्या घासाला कळतं. सव्वा वर्षात मला हे वरण एकदाही नकोसं झालेलं नाही, आणि रोजच्या जेवणाची पारख मी आता यावरच करतो.

आमटीशी मात्र माझं जमायला वेळ लागला. आम्ही सोलापूरकडचे, काळ्या तिखटावर वाढलेले. काकूंची आमटी चिंच-गुळाची, गोड्या मसाल्याची. पहिला आठवडा मला ती गोडच लागली. मग एकदा डबा परत द्यायला मी स्वतः गेलो, तेव्हा काकू मसाला भाजत होत्या. धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर, लवंग, दालचिनी, प्रत्येक जिन्नस वेगवेगळा, मंद आचेवर. मिरच्या जेमतेम मूठभर. दगडफूल तेलात पडलं तेव्हा जो वास सुटला, तो मला आमटीत रोज येत होता, पण ओळखता येत नव्हता. तिखटाच्या मागे जीभ लागली की असे वास हातचे जातात. त्यानंतर आमटीची वाटी कधी उरली नाही.

चातुर्मासात त्यांच्याकडे कांदा, लसूण, वांगं बंद. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, भरली वांगी आणि कांदाभजी आली आणि पुढे थेट कार्तिकीपर्यंत काही नाही. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी आधीच विचार करावा. मला वाटलं होतं भाज्या फिक्या होतील. तसं झालं नाही. मोहरी, जिरं, हिंग आणि दाण्याचं कूट एवढ्यावर पडवळ, दुधी, कोबी छान निभावून जातात. दोडक्याची भाजी असली की सोबत शिरांची चटणी असते. शिरा कोरड्या होईपर्यंत परतायच्या, मग तीळ, खोबरं, मिरची, मीठ घालून भरड कुटायचं. बायको एकदा इकडे आली होती, तिने डबा उघडून पहिल्यांदा ती चटणीच संपवली.

उणं काय ते सांगतो. एकदा मटकीची उसळ दाताखाली टणक लागली. चिंच आधी पडली की कडधान्य लवकर मऊ होत नाही, तसंच झालं असणार. मी फोन केला. काकू म्हणाल्या, "अहो, घाईत आज चुकलंच. उद्या बघा." दुसऱ्या दिवशी परत मटकीच आली, मऊ शिजलेली. दुसरं म्हणजे जुलैत पावसाने डबा आणणारा मुलगा चार-पाच वेळा दोनच्या पुढे आला, आणि आमची जेवणाची सुट्टी दीडला संपते. आणि हिवाळा सोडला तर पालेभाजी आठवड्यातून एकदाच मिळते, ती दोनदा हवी.

भाकरीबद्दल मीच हट्ट धरला होता. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती आमच्या घरी पोत्याने येते. एका खेपेला पाच किलो पीठ काकूंना नेऊन दिलं. आता दर बुधवारी पोळीऐवजी दोन भाकरी असतात. सुरुवातीला कडा जाड राहायच्या. पीठ उकळत्या पाण्यात भिजवा, आणि थापताना बोटांचा जोर कडेला ठेवा, असं मी सांगितलं. काकूंनी मनावर घेतलं. आता भाकरीला पापुद्रा सुटतो, आणि माझ्याबरोबर आणखी सहा जणांना बुधवारी भाकरीच जाते.

मुलगा या जूनपासून पुण्यात शिकायला येतोय. त्याचा डबा सांगायला गेल्या आठवड्यात फोन केला. एक जागा रिकामी होते म्हणाल्या, आणि मग विचारलं, "पोळ्या किती लागतात त्याला?"