सनकिस्टची रसपिळणी: आल्बर्ट लास्करच्या डोक्यातून आलेले एक भांडे

शिकागोतील जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून मी 25 डॉलरना घेतलेली ही दुधी काचेची रसपिळणी दगडी खलासारखी जड असून तिच्या कडेवर ‘सनकिस्ट’ ही अक्षरे उठावदार आहेत. पुण्याला आणल्यापासून ती रोज वापरात आहे. मोसंबीचे अर्धे मधल्या खाचदार शंकूवर दाबून दोनदा फिरवले की साल अगदी पांढरी पडेपर्यंत रस निघतो आणि बिया खालच्या पन्हळीत अडकतात. नागपुरी संत्र्याचे मात्र तिच्याशी जमत नाही, कारण त्याची साल सुटी असल्याने ती हातात फिरते आणि फोडी शंकूवर चुरगळून चोथाच अधिक पडतो. बरोबरच आहे, हे भांडे घट्ट सालीच्या कॅलिफोर्नियन संत्र्यांसाठी घडवलेले आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ‘सनकिस्ट’ या नावाने फळे विकणाऱ्या कॅलिफोर्नियातील बागायतदारांच्या सहकारी संस्थेकडे मागणीपेक्षा अधिक फळ येत होते आणि तिच्या जाहिराती शिकागोच्या ‘लॉर्ड अँड थॉमस’ या जाहिरात कंपनीकडे होत्या. त्या कंपनीत 1898 साली अठराव्या वर्षी नोकरीस लागून 1912 पर्यंत तिचा मालक झालेल्या लास्करने हिशेब केला, की संत्रे खाणारा एकावर थांबतो, पण पेलाभर रस पिणाऱ्याला दोन-तीन लागतात. म्हणून 1916 साली ‘संत्रे प्या’ अशी मोहीम निघाली आणि रस काढायचे साधन अवघ्या दहा सेंटना मिळू लागले. माझा अनुभव त्या हिशेबाला पुष्टी देतो: आमच्याकडे आठवडाभर पुरणारी डझनभर मोसंबी आता तीन दिवसांत संपतात.

1916 सालीच लास्करने शिकागो कब्ज या बेसबॉल संघात पैसा घातला आणि पुढे तो संघाचा मोठा भागधारक झाला. शहरातील दुसऱ्या संघाच्या, म्हणजे व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी 1919 च्या जागतिक मालिकेत, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत, मुद्दाम हरण्यासाठी जुगाऱ्यांकडून पैसे घेतल्याचे उघड झाल्यावर, खेळात ज्यांचा पैसा नाही अशांच्या हाती कारभार द्यावा, अशी योजना त्याने मांडली. त्या खटाटोपातून 1920 मध्ये न्यायाधीश लँडिस बेसबॉलचे पहिले आयुक्त झाले. संघ-मालकाने स्वतःहून मालकांच्या अधिकाराला कात्री लावावी, हे मला संत्र्यांच्या युक्तीहून मोठे वाटते. कब्जमधील आपला वाटा त्याने अखेर च्युइंगमवाले विल्यम रिग्ली यांना विकला, आणि संघाचे मैदान आज रिग्लींच्याच नावाने ओळखले जाते.

मात्र हेच डोके त्याने लकी स्ट्राइक सिगारेट स्त्रियांच्या गळी उतरवण्यासाठीही वापरले, हे रस पिताना विसरता येत नाही. पुढे पत्नी मेरीसह कर्करोग संशोधनाला दिलेल्या पैशाने ते पुसले गेले, असे मी म्हणणार नाही. 1942 साली त्याने कंपनी बंद करून व्यवसाय फूट, कोन आणि बेल्डिंग या तीन सहकाऱ्यांकडे सोपवला. मुंबईच्या ‘उल्का’ या जाहिरात कंपनीच्या नावाआधी नंतर लागलेली ‘एफसीबी’ ही अक्षरे त्यांचीच.

शंकूच्या खाचांत अडकलेला गर लगेच ब्रशने काढावा लागतो, एवढी एक कटकट सोडली तर भांडे उत्तम आहे. दुकानदाराने मला चोचीखालचा टवका दाखवला नव्हता. जुनी घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी कडेवरून आणि चोचीखालून बोट फिरवून पाहावे.