धनुष्यासाठी अनोळखी लाकूड घेऊन वखारीत गेलो त्याचा रिव्ह्यू (खानापूर रोड, बेळगाव)

स्टार ४. एक का कापला ते पुढं सांगतो, आधी मी तिथं गेलो कशाला ते ऐका.

खानापूर तालुक्यात जांबोटीकडं मामांचं रान आहे. गेल्या पावसाळ्यात बांधावरचं एक झाड वाऱ्यानं आडवं झालं. मामा म्हणाले चुलीला घालतो. मी बघितलं तर खोड सरळसोट, गाठी कमी, कुऱ्हाड मारली की टण्ण आवाज. मला दोन वर्षं झाली धनुष्य बनवायचं वेड लागलंय (बायको याला वेगळा शब्द वापरते), आत्तापर्यंत मेसकाठीचीच (बांबूचीच) केली, ती सोपी पडतात, पण अख्ख्या लाकडाचं एक करायचं होतं. म्हटलं ओंडका द्या मला. साडेपाच फुटाचा तुकडा गाडीच्या टपावर बांधून घरी आणला. आता हे झाड कुठलं? मामांना नाव माहीत नाही, "रानटी झाड आहे की" एवढंच. फोनवरच्या ॲपला पानाचा फोटो दाखवला तर त्यानं तीन वेळा तीन नावं सांगितली, त्यातलं एक तर वेलीचं होतं.

ऑनलाइन ४०० रुपयांचं दहापट मोठं दाखवणारं भिंग मागवलं. त्याचा पण रिव्ह्यू इथंच उरकतो: काच चांगली, डबी टुकार. करवतीनं कापलेल्या तोंडावर भिंग धरून काहीच दिसत नाही, सगळं भुसभुशीत. नव्या ब्लेडनं एक पातळ काप घ्यायचा, थेंबभर पाणी लावायचं आणि मग बघायचं, तेव्हा भोकं दिसतात. सागवानात वर्षाच्या वलयाच्या सुरवातीला मोठी भोकं ओळीनं बसलेली असतात, माझ्या लाकडात तसं नव्हतं, बारीक भोकं सगळीकडं विखुरलेली. म्हणजे साग नाही एवढं कळलं. ते तर मला झाड बघूनच माहीत होतं, ४०० रुपये गेले.

मग कुणीतरी सांगितलं खानापूर रोडवरच्या त्या जुन्या वखारीत जा, तिथं एक म्हातारे मामा बसतात, लाकूड हातात दिलं की नाव सांगतात. गेलो. बाहेर ओंडक्यांची थप्पी, आत बँडसॉचा कर्कश्श आवाज, भुशाचा वास, आणि एका कोपऱ्यात लाकडी खुर्चीवर मामा. त्यांच्या मागं फळीवर तळहाताएवढे तुकडे मांडलेले, किंदळ, ऐन, हेद, जांभा, नाणा, बिबळा, सगळ्यांवर खडूनं नाव, काहींवर कन्नडात काहींवर मराठीत.

"काय करुलायस ह्याचं?" पहिला प्रश्न. झाड कुठलं हा नाही.

म्हटलं धनुष्य. मशीनवरचा पोरगा फिस्सकन हसला. मामा नाही हसले, उलट दुसरा प्रश्न, "झाड मालकीच्या रानातलं का फॉरेस्टातलं?" हे मला आवडलं. कर्नाटकात १९७६ पासून झाडं राखायचा कायदा आहे, स्वतःच्या रानातलं झाड तोडायचं म्हटलं तरी बऱ्याच जातींना परवानगी लागते, आणि खानापूर तालुक्यात तर भीमगडचं अभयारण्य पण आहे. वाऱ्यानं पडलेलं असलं तरी मामांनी आमच्या मामांना आधी फॉरेस्टवाल्यांना कळवायला लावलं, मगच पुढचं बोलणं.

पोरगा म्हणाला "नाणाच आहे ओ हे". मामांनी फळीवरचा नाण्याचा तुकडा काढून शेजारी धरला, नखानं दोन्हीवर ओरखडा काढला, मान हलवली. बिबळा असंल का म्हणून एक ढलपी पाण्याच्या ग्लासात टाकून ठेवली. बिबळ्याचं लाकूड भिजत ठेवलं की पाणी पिवळं-तपकिरी होतं आणि उन्हात धरलं की निळी झाक मारते, हे मला पहिल्यांदाच बघायला मिळालं, म्हणजे माझ्या लाकडाचं नाही, त्यांनी मुद्दाम खऱ्या बिबळ्याची ढलपी दुसऱ्या ग्लासात टाकून दाखवली. माझ्या ग्लासात पाणी होतं तसंच.

"साल कुठाय?"

साल मी घरीच सोलून टाकली होती, नीटनेटकं दिसावं म्हणून. मामा असे बघायला लागले माझ्याकडं, जणू मी पोराचं नाव ठेवून आडनाव विसरून आलोय. "भिंगानं काय बघतोस, साल आण, पान आण, मग सांगतो."

परत जांबोटी. बुंध्याला नवे फुटवे आले होते. पान खरखरीत, कडेला करवतीसारखे दाते, आणि देठाजवळ दोन्ही बाजू सारख्या नाहीत, एक वर एक खाली. साल ओढली तर लांबच्या लांब चिवट पट्टी निघाली. ती घेऊन वखारीत गेलो. मामांनी सालीची पट्टी दोन बोटांत पिळली, दोरीसारखा पीळ बसला, जोरात ओढली तरी तुटली नाही. "धामण. कन्नडात तडसल. फळं खाल्ली नाहीस काय लहानपणी?" खाल्ली होती की! वाटाण्याएवढी काळपट फळं, फालसा असतो ना त्याचाच हा भाऊबंद. सापाच्या धामणीशी काही संबंध नाही, चिवटपणा सोडला तर. आमच्या आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा होता हे मला त्या दिवशी कळलं. धामण वाकते, धक्का सोसते, म्हणून दांड्याला आणि बैलगाडीच्या दांडीला वापरायचे. धनुष्याला तेच तर पाहिजे, पाठीकडची (आपल्यापासून लांबची) बाजू ताणली जाते आणि पोटाकडची (आपल्याकडची) दाबली जाते, दोन्ही सोसणारं लाकूड कमीच.

आता तो एक स्टार. मामा जेवायला गेले आणि मशीनवरच्या पोरानं ओंडका सरळ बँडसॉवर चढवून मधोमध चिरला, १५० रुपये घेतले. खोडाला जरा पीळ होता, करवत सरळ गेली, लाकडातल्या उभ्या रेषा तिरक्या निघून कडेला तुटल्या. मामा आले आणि पोरावर कन्नडात जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. "धनुष्याचं लाकूड चिरायचं नसतंय, पाचर घालून फोडायचं, जिकडं रेषा जातीय तिकडं जाऊ द्यायचं." सॉ मिलवाला माणूस चिरू नको म्हणतोय, स्वतःचा धंदा सोडून! एक अर्धूक गेलंच होतं, दुसऱ्यात नशिबानं पुरेसं जाड लाकूड होतं, तिथंच दोन लोखंडी पाचरी घालून मामांनी स्वतः ते रेषेवर फोडून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

चिरलेल्या अर्धुकाचं मी हट्टानं धनुष्य केलंच. वाकस, रंधा, कानस, शेवटी फुटक्या काचेनं खरवडून. हे काम जपून करावं लागतं, रुंदी तीच ठेवून जाडी निम्मी केली तर ताठपणा निम्मा नाही, आठवा हिस्सा उरतो, म्हणून शेवटी शेवटी एक-एक खरवड मोजून. चोवीस इंच ओढेपर्यंत मस्त वाकलं, मग कडाड्. जिथं रेषा कडेला निघाली होती बरोब्बर तिथंच. तुकडे बघितले तर लांब लांब कुसळं निघालेली. लाकूड ठिसूळ असतं तर खडूसारखं आडवं मोडलं असतं. तुटलं तरी लाकूड चांगलं हे समजलं. (त्यातलाच एक तुकडा १० बाय ५ बाय २ सेंटिमीटर कापून बायकोच्या किचनच्या काट्यावर ठेवला, ७९ ग्रॅम. घरातल्या सागाच्या तेवढ्याच तुकड्यापेक्षा बराच जड.)

ज्यांना लेखी पक्कं नाव पाहिजे त्यांनी बेंगळुरूला मल्लेश्वरमच्या इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजीला विचारा, तिथं लाकूड ओळखून देतात. बाकी आपल्यासारख्यांना वखार बास. जाणार असाल तर सकाळी जा, दुपारी एक ते तीन मामा नसतात आणि त्या वेळेत पोराच्या हातात ओंडका अजिबात देऊ नका. साल, पान, जमलं तर फळ घेऊन जा. चहा पाजतात, नको म्हटलेलं चालत नाही.

फोडलेलं अर्धूक आता माळ्यावर आहे, दोन्ही तोंडांना फेविकॉल फासलाय म्हणजे टोकाकडून भराभर वाळून चिरा जाणार नाहीत. दर रविवारी वजन करतोय, उतरायचं थांबलं की हत्यार लावायचं. गेल्या दोन आठवड्यात अजून ४० ग्रॅम उतरलंय.