यूव्ही टॉर्च घेतला आणि क्राइम सिरीयलचं बिंग फुटलं

क्राइम सिरीयलमध्ये तो निळा टॉर्च मारला की रक्त कसं लख्ख चमकतं ना, त्याच नादात हा ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा यूव्ही (अल्ट्राव्हायोलेट) टॉर्च मागवला. बोट कापलं होतं त्याची पट्टी धरून बघितली तर पट्टी निळीपांढरी चमकतेय आणि रक्ताचा डाग चक्क काळा! मग कळलं की रक्त अल्ट्राव्हायोलेट शोषून घेतं, चमक येते ती ल्युमिनॉल (रक्ताला लागलं की स्वतःच उजळणारं रसायन) फवारल्यावर आणि त्याला तर टॉर्च लागतच नाही, अंधार लागतो. म्हणजे इतकी वर्षं दोन टेस्टची खिचडी करून दाखवत होते आपल्याला.

पण पैसे वसूल आहेत हां. पांढरा शर्ट पेटल्यासारखा दिसतो (डिटर्जंटमधल्या ब्राइटनरची करामत), टॉनिक वॉटर क्विनीनमुळे निळं, व्हिटॅमिन बी-२ ची गोळी पाण्यात विरघळवली की पिवळट हिरवं. २०२० मध्ये प्लॅटिपस (बदकासारखी चोच असलेला ऑस्ट्रेलियातला प्राणी) चमकतो अशी बातमी आलेली, तीही अशाच यूव्ही उजेडातली.

३९५ वाला घेऊ नका, स्वस्त मिळतो पण जांभळा उजेडच इतका की खरी चमक त्यात बुडून जाते. माझ्याचं बटण आठवड्यात ढिलं झालं, दाबून धरावं लागतं, म्हणून एक स्टार कापला. आणि कुणाच्या डोळ्यात मारू नका, मांजराच्याही नाही.