तयार रेड करी पेस्ट आणि घरचं दाण्याचं कूट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

थायलंडहून येणारा रेड करी पेस्टचा ४०० ग्रॅमचा डबा, नारळाच्या दुधाची २०० मिलीची खोकी आणि घरी भाजलेले शेंगदाणे. एवढ्या सामानावर आठवड्यातून एकदा शेंगदाण्याची थाई करी, असं आठ महिने चाललंय. चार माणसांना ४० ग्रॅम पेस्ट लागते, म्हणजे दोन मोठे चमचे भरून. एका डब्यात दहा वेळा होते. आता चौथा डबा उघडलाय. भाजी चिरण्यापासून पानावर येईपर्यंत अर्धा तास धरा.

पेस्ट विकतचीच घ्या, पीनट बटर मात्र घेऊ नका.

पेस्टमधला गवती चहा आपल्या परसात मिळतो, लसूण आणि सुक्या मिरच्या घरात असतात. अडतं ते गलंगल (आल्याच्या जातीचा थाई कंद) आणि मकरूट या खडबडीत थाई लिंबाच्या सालीपाशी. गलंगलच्या जागी आलं घातलं की चव थेट आपल्या मसाल्याकडे वळते. शाकाहारी घरात डब्यावरचे घटक वाचूनच घ्या: बऱ्याच पेस्टमध्ये कापी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. तपकिरी चिन्ह दिसलं तर परत ठेवा. कापीशिवायच्या पेस्ट मिळतात. त्यांचा खारट-खमंगपणा थोडा कमी पडतो, तो सोया सॉसने भरून निघतो.

आता दाणे. बाजारातल्या बहुतेक पीनट बटरमध्ये साखर, मीठ आणि घट्ट राहावं म्हणून घट्ट केलेलं वनस्पती तेल असतं. करी गुळगुळीत होते, पण जिभेवर मेणासारखा थर राहतो आणि भाजल्या दाण्याचा वास येतच नाही. उलट उपासाचं नेहमीचं कूटही इथे जसंच्या तसं चालत नाही. दाण्याच्या आमटीत ते रवाळ लागलं तरी गोड वाटतं. नारळाच्या दुधात तेच कण तळाशी बसतात आणि कढईला लागतात. हवं ते या दोहोंच्या मधलं.

६० ग्रॅम दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ८ ते १० मिनिटं भाजा. एक दाणा गार करून फोडा: आतून फिका बदामी रंग आला की थांबा. सालं चोळून पाखडून टाका, त्यांनी करी मळकट दिसते आणि किंचित तुरट होते. सुरकुतलेले, काळपट दाणे आधीच निवडून काढा. एकच खवट दाणा सगळं कूट बिघडवतो. दाणे पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. पहिल्यांदा भरड होईल. त्यातलं दोन चमचे वरून घालायला काढून ठेवा. मग बारीक कूट होईल, आणि आणखी तीन-चार वेळा फिरवलं की ते भांड्याच्या कडेला चिकटायला लागेल. मुठीत दाबल्यावर लाडू वळला आणि तळहात तेलकट झाला की काम झालं. सोलापूरच्या शेंगा चटणीला कुटता कुटता तेल सुटतं, तोच हा टप्पा. पाणी घालून वाटू नका.

करी जमते की बिघडते, ते पहिल्या आठ मिनिटांत ठरतं. थाई पद्धतीत नारळाचं जाड दूध आटवून त्याचं तेल सुटू देतात आणि त्या तेलात पेस्ट परततात. खोक्यातलं दूध मात्र पुष्कळदा फुटतच नाही, कारण ते एकजीव राहावं म्हणून त्यात पॉलिसॉर्बेट किंवा डिंकासारखे पदार्थ घातलेले असतात. घटकांत फक्त नारळ आणि पाणी असेल तर तेल सुटेल. नाहीतर सरळ एक मोठा चमचा खोबरेल किंवा शेंगतेल घ्या, त्यात १०० मिली दूध घालून मध्यम आचेवर तीन मिनिटं आटवा, मग पेस्ट घाला आणि आच कमी करा. सुरुवातीला पांढरट फेस येतो आणि फसफस ऐकू येते, ते पाणी असतं. तीन-चार मिनिटांनी आवाज बारीक होतो, फेस बसतो आणि कडेने लाल तेलाचे मणी दिसू लागतात. तिथपर्यंत थांबलंच पाहिजे. घाईने दूध ओतलं की कच्च्या लसणाचा वास शेवटपर्यंत जात नाही. आच मोठी ठेवली की पेस्ट करपते, आणि तो कडूपणा गूळ घालून लपत नाही.

लाल तेल दिसलं की कूट घालून मिनिटभर हलवा. मग उरलेलं ३०० मिली दूध दोनदा करून घाला आणि १५० मिली पाणी. लाल भोपळा आधी (१५० ग्रॅम, सहा-सात मिनिटं), फरसबी तीन मिनिटांनी, ढोबळी मिरची अगदी शेवटी. टोफू २०० ग्रॅम, आधी वेगळा तळून. बटाटा हवा असेल तर उकडूनच घाला. थायलंडमध्ये बटाटा आणि अख्खे दाणे मस्समन करीत जातात. पेस्टमध्येच दाणे वाटलेली ती फनेंग. आपली ही करी फनेंग आणि साते सॉस (काडीवर भाजलेल्या मांसासोबतचा दाण्याचा सॉस) यांच्या मधली आहे.

मीठ घालू नका. पेस्टमध्ये ते भरपूर असतं. एक मोठा चमचा गूळ (माडाचा मिळाला तर उत्तमच), दोन लहान चमचे फिश सॉस किंवा सोया सॉस, आणि गॅस बंद केल्यावर एक मोठा चमचा चिंचेचा कोळ. आंबट आधी घालून खळखळ उकळलं तर दूध फाटतं, घरी काढलेलं तर हमखास. सोबत इंद्रायणीचा भात छान जमतो.

कूट पाणी ओढत राहतं, म्हणून करी ताटात हवी त्यापेक्षा थोडी पातळ असतानाच उतरवा. दुसऱ्या दिवशी ती पिठल्यासारखी घट्ट होते. अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर सैल करा. किंवा तशीच घट्ट ठेवून उकडलेल्या नाळीच्या भाजीवर आणि टोफूवर ओता: थायलंडमध्ये उकडलेल्या नाळीवर आणि मांसावर असा दाण्याचा रस्सा घालतात, त्याला ‘फ्रा राम लाँग साँग’, म्हणजे स्नानाला उतरलेला राम म्हणतात. थाई रामकथेत राम हिरव्या रंगाचा, म्हणून हिरवी पालेभाजी म्हणजे राम. शिळ्या करीचं याहून चांगलं काही होत नाही.

डब्याबद्दल एक तक्रार आहे. आतली पिशवी एकदा कापली की बंद होत नाही, आणि फ्रिजमध्ये दोन महिन्यांनंतर वरचा थर तपकिरी पडून गवती चहाचा वास मंदावतो. चौथ्या डब्यापासून वेगळं केलंय: उघडल्याच दिवशी निम्मी पेस्ट कोरड्या चमच्याने बर्फाच्या ट्रेमध्ये भरायची. एका खळग्यात साधारण २० ग्रॅम बसते, म्हणजे करीला दोन वड्या. गोठल्यावर काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या, नाहीतर फ्रीजरमधल्या आइसक्रीमलाही लसणाचा वास लागतो. वड्या वितळवत बसावं लागत नाही, तशाच आटत्या दुधात टाकायच्या. परतायला दोन मिनिटं जास्त द्यायची.